युकातानच्या किनाऱ्यावरील डायव्हिंग : नागपूरकराने कशासाठी जावे

अंदमानात डायव्हिंग करून आलेल्या माणसाने केवळ प्रवाळ पाहण्यासाठी मेक्सिकोपर्यंत जाऊ नये. पाण्याखालच्या गुहांची ओढ असेल, तर मात्र मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्याइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही. आम्ही नागपूरच्या काही डायव्हरांनी हा किनारा कानकुनपासून तुलुमपर्यंत पाहिला आणि कोझुमेल बेटावर मुक्काम केला. परतल्यापासून जो भेटेल तो हेच विचारतो, की एवढ्या लांब जाण्याजोगे तिथे आहे तरी काय. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण या एकाच किनाऱ्यावर डायव्हरला दोन अगदी निराळी पाणी मिळतात. एक समुद्राचे, दुसरे जंगलाखालचे. पहिल्याला मी चांगले म्हणेन आणि दुसऱ्याला असाधारण.

हा भाग मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, कॅरिबियन समुद्राला लागून आहे. कानकुन ते तुलुम हे अंतर सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे नागपूर-अमरावतीपेक्षाही थोडे कमीच. किनाऱ्यासमोरून मेसोअमेरिकन प्रवाळभिंत जाते. ती युकातानच्या टोकापासून बेलीझ आणि ग्वाटेमालासमोरून थेट होंडुरासच्या बेटांपर्यंत सुमारे १,००० किलोमीटर पसरली आहे. नागपूरहून थेट प्रवास अर्थातच नाही. दोहा किंवा दिल्लीमार्गे अमेरिकेतले एखादे शहर आणि तिथून कानकुन, असा टप्प्याटप्प्याचा रस्ता आहे. पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीय पर्यटकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नागपुरातल्या कितीतरी घरांतली मुले आज टेक्सासात किंवा न्यू जर्सीत आहेत. त्यांच्याकडे जाणे ठरलेलेच असेल तर त्याला जोडून हा प्रवास करणे सर्वांत शहाणपणाचे आहे. ह्यूस्टनहून कानकुनला विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. मुद्दाम केवळ यासाठी नागपूरहून निघणे मात्र खिशाला फार जड जाते.

कोझुमेल हे प्लाया देल कार्मेन या गावासमोरचे, सुमारे ४८ किलोमीटर लांबीचे बेट आहे आणि फेरीने पाऊण तासात तिथे पोहोचता येते. डायव्हिंग चालते ते बेटाच्या पश्चिम बाजूला. इथे समुद्राचा प्रवाह सहसा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि सारे डायव्हिंग त्या प्रवाहाच्या आधाराने होते. बोट नांगर टाकत नाही. डायव्हर पाण्यात उतरले, की प्रवाह त्यांना भिंतीच्या कडेने वाहून नेतो, बोट वरून बुडबुड्यांच्या मागोमाग येते आणि डायव्ह संपताना गाइडने सोडलेला लांबट रंगीत फुगा पाहून सर्वांना उचलून घेते. अंदमानात डिक्सन्स पिनॅकलसारख्या ठिकाणी आपण दोराला धरून खाली जातो, खडकाभोवती फिरतो आणि त्याच दोराने वर येतो. त्या पद्धतीची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी इथे चुकल्यासारखे वाटते, कारण एखादी कपार नीट पाहावी म्हणून थांबायचे ठरवले तरी प्रवाह थांबू देत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र पाय मारण्याचे श्रम वाचतात, हवा कमी खर्च होते आणि भिंतीचा मोठा पट्टा डोळ्यांखालून जातो.

पालानकारचा भाग मला सर्वांत आवडला. इथे प्रवाळांनी बांधलेले प्रचंड बुरूज आहेत, त्यांच्यामधून पांढऱ्या वाळूच्या उतरंडी खाली जातात आणि बुरुजांच्या पोटात आरपार जाणारे लहान बोगदे आहेत. या बोगद्यांना गुहा म्हटले जाते, तरी बहुतेकांत दुसऱ्या तोंडाचा उजेड आत शिरतानाच दिसत असतो. सांता रोसाची भिंत सरळ निळ्या अंधारात उतरते आणि तिच्या पलीकडे तळ शेकडो मीटर खाली आहे, याची जाणीव प्रत्येक श्वासाला राहते. दिवस चांगला असेल तर २५-३० मीटरपर्यंत स्वच्छ दिसते. मालवणला डिसेंबर-जानेवारीच्या उत्तम दिवसातही याच्या चौथ्या हिश्शाएवढे दिसले तरी आपण समाधान मानतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पाण्याची किंमत कळते.

दक्षिण टोकाला पुंता सुर येथे ‘डेव्हिल्स थ्रोट’ नावाचा एक अरुंद बोगदा आहे. तो भिंतीत जवळजवळ ४० मीटर खोलीवर उघडतो, आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा तेवढीच आहे. इथे ही डायव्ह एखाद्या पदकासारखी विकली जाते. त्या खोलीवर टाकीतली हवा पृष्ठभागापेक्षा पाचपट वेगाने संपते, नायट्रोजनमुळे बुद्धी मंदावते आणि डोक्यावर छत असते, अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात. ज्यांनी गुहेचे वेगळे शिक्षण घेतलेले नाही त्यांनी हा बोगदा सोडून द्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याच परिसरात भिंतीच्या माथ्यावरून, वीस मीटरवर होणारी डायव्ह मला डोळ्यांना आणि मनाला अधिक देणारी वाटली.

आता प्रवाळांविषयी. कॅरिबियन समुद्रात कठीण प्रवाळांच्या जाती सत्तरच्या आसपास आहेत, तर एकट्या अंदमान-निकोबारमध्ये चारशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. हा फरक पाण्यात उतरताच दिसतो. स्वराज द्वीपाजवळच्या उथळ पाण्यातही शिंगांसारखे, पानांसारखे, टेबलासारखे इतके आकार एकमेकांना खेटून असतात, की नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. कोझुमेलच्या बुरुजांचा आकार भव्य आहे, पण त्यांच्यावरची वस्ती त्या मानाने एकसुरी आहे. समुद्रफुलांत राहणारे केशरी-पांढरे क्लाउनफिश कॅरिबियनमध्ये नाहीतच. ज्यात आपले समुद्र मागे पडतात ते म्हणजे स्पंज. माणूस मावेल एवढे पिंपासारखे स्पंज आणि हत्तीच्या कानासारखे पसरलेले नारिंगी स्पंज इथे जागोजागी आहेत. कपारीच्या तळाशी नीट टॉर्च मारला, तर पिवळ्या कडांचे पंख आणि चेहऱ्यावर पांढऱ्या-करड्या पट्ट्या असलेला टोडफिशही दिसतो. ही जात कोझुमेलखेरीज जवळजवळ कुठेच सापडत नाही. आमच्या गाइडने तो दाखवला तेव्हा आम्हाला बराच वेळ नुसती वाळूच दिसत होती.

लायनफिश पाहून आमच्यातल्या अंदमानवाल्यांना आनंद झाला, आणि गाइडच्या चेहऱ्यावर नेमका उलटा भाव होता. हा मासा हिंद आणि प्रशांत महासागरांचा आहे. अटलांटिकमध्ये तो माणसामुळे पोहोचला, तिथे त्याला खाणारे फारसे कोणी नाही आणि तो स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो. म्हणून परवानगी असलेले गाइड त्याला भाल्याने मारतात. आपल्याकडे ज्याचा फोटो काढण्यासाठी धडपड करावी, तो इथे उपद्रवी ठरतो, हे पाहिल्यावर समुद्राचे व्यवहार किती नाजूक असतात ते पुस्तकाहून अधिक कळते.

याहून गंभीर दुखणे प्रवाळांच्या रोगाचे आहे. कठीण प्रवाळांचे ऊतक झपाट्याने गळून पडण्याचा हा रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसला आणि २०१८ मध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पोहोचला. मेंदूसारख्या वळ्यांच्या आणि खांबासारख्या प्रवाळांना त्याचा सर्वाधिक फटका बसला. कोझुमेलचे प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहेत, तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिणेकडचे काही भाग पर्यटकांना तात्पुरते बंद ठेवावे लागले होते. त्याच्या खुणा आजही दिसतात. एकेकाळचे मोठे गोलाकार प्रवाळ शेवाळाने झाकलेले नुसते दगड झाले आहेत. पूर्वीची वर्णने वाचून जाणाऱ्याची इथे निराशा होईल, आणि ते आधीच सांगणे मला आवश्यक वाटते. उद्यानात हातमोजे आणि चाकू नेण्यास बंदी आहे, प्रवाळाला हात लावल्यास गाइड पाण्यातच खूण करून बजावतो आणि दुसऱ्यांदा तसे झाले तर वर नेतो. मालवणला माशांनी फोटोत यावे म्हणून पाव विस्कटून टाकण्याची पद्धत पाहिलेल्या माणसाला ही शिस्त मनापासून भावते. मालवणच्या बोटवाल्यांचे पोट या व्यवसायावर आहे आणि त्यांच्याइतके ते पाणी कोणी ओळखत नाही. म्हणूनच ही शिस्त त्यांनीही आणावी, असे फार वाटते.

मुख्य भूमीवरच्या समुद्रातल्या जागांसाठी अधिक शब्द खर्च करण्याची गरज नाही. पुएर्तो मोरेलोस शांत आहे, भिंत किनाऱ्याच्या जवळ आहे आणि सोबत न बुडी मारणारे नातेवाईक असतील तर त्यांना स्नॉर्केलिंगला ते उत्तम. कानकुनजवळ पाण्याखाली पुतळ्यांचे संग्रहालय आहे. एकदा पाहण्यास हरकत नाही, पण त्यासाठी डायव्ह खर्च करू नये. प्लाया देल कार्मेनसमोर नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बुल शार्क येतात आणि वीस-पंचवीस मीटरवर वाळूत बसून त्यांना पाहता येते. डायव्हिंगला नेणारी काही दुकाने शार्कला मासे भरवतात. जंगली प्राण्याला माणसाच्या हाताची सवय लावणे मला पटत नाही, त्यामुळे आम्ही न भरवणाऱ्यांबरोबर जाण्याचा आग्रह धरला. ताडोब्यात गाडीतून उतरून वाघाला मांस टाकू लागलेला मार्गदर्शक आपण खपवून घेणार नाही, मग पाण्यात का घ्यावा?

खरे वैभव जमिनीवरून चालत जाऊन गाठायचे आहे. युकातानची भूमी चुनखडीची आहे. पाऊस पडतो तो वाहून जात नाही, मुरतो. त्यामुळे उत्तर युकातानात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत आणि साऱ्या नद्या भूमीखालून समुद्राकडे जातात. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळात या गुहा कोरड्या होत्या, छतावरून पाणी ठिबकत होते आणि चुनखडीचे लोलक व स्तंभ हजारो वर्षे वाढत होते. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि गुहा जशाच्या तशा पाण्याने भरून गेल्या. जिथे छत कोसळले तिथे जंगलात गोल विहिरीसारखी तोंडे उघडली. त्यांना सेनोते म्हणतात आणि तीच आत जाण्याची दारे आहेत. लोलक पाण्याखाली तयार होऊ शकत नाहीत, ही एक गोष्ट ध्यानात ठेवून आत गेले, म्हणजे आपण जिथे पोहतो आहोत तिथे कधीकाळी हवा होती हे प्रत्येक लोलक सांगत राहतो.

नागपूरच्या माणसाला या चुनखडीवर उभे राहिल्यावर आपल्या काळ्या दगडाची आठवण व्हावी, असे एक कारण आहे. सीताबर्डीची टेकडी ही दख्खनच्या लाव्हाची, त्याच्या पूर्वेकडील कडेवरची. तो लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, युकातानच्या उत्तर टोकावर एक लघुग्रह आदळला आणि चिक्शुलुबचे विवर तयार झाले. डायनोसॉर कशाने संपले, त्या आघाताने की आपल्या ज्वालामुखींनी, की दोहोंनी मिळून, यावर भूवैज्ञानिकांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात. तिकडे गाडल्या गेलेल्या विवराच्या कडेवरून सेनोतेंची एक अर्धवर्तुळाकार माळ गेली आहे. ती माळ द्वीपकल्पाच्या वायव्येला, मेरिदा शहराच्या बाजूला आहे आणि तुलुमजवळच्या सेनोतेंशी तिचा संबंध नाही, हे खरे. तरीही एकाच वादाची दोन टोके पाहिल्याचे समाधान मला या प्रवासाने दिले.

तुलुमजवळच्या दोस ओखोसपासून सुरुवात करावी. हे सेनोते साक आक्तून या गुहाजाळ्याचा भाग आहे. २०१८ च्या आरंभी डायव्हरांनी दोस ओखोस आणि साक आक्तून ही दोन जाळी आतून जोडलेली असल्याचे शोधून काढले, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी ३४७ किलोमीटर भरली होती. लाकडी पायऱ्यांनी खाली उतरायचे, पाण्याच्या कडेला उभे राहून फिन, म्हणजे पोहण्याचे पंख, पायांत घालायचे आणि बुडी मारायची. खोली जेमतेम १० मीटर. पाणी २४-२५ अंशांचे, म्हणजे समुद्रापेक्षा थंड, म्हणून पाच मिलिमीटरचा सूट हवाच. आत गेल्यावर पहिली काही मिनिटे पाणी आहे हेच समजत नाही, इतके ते स्वच्छ आहे. पुढचा डायव्हर छताखालच्या मोकळ्या हवेत तरंगतो आहे असे वाटते. टॉर्चच्या झोतात लोलकांची दाटी उजळते, मागे वळून पाहिले तर तोंडातून येणारा उजेड निळ्या पडद्यासारखा दिसतो, आणि त्या उजेडाची दिशा कधीही नजरेआड होऊ द्यायची नाही, हा इथला पहिला नियम आहे.

या नियमाचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. समुद्रात काही बिघडले तर हळूहळू वर जाण्याचा पर्याय नेहमी असतो. गुहेत वर दगड असतो. म्हणून सामान्य प्रमाणपत्र असलेल्या डायव्हरला फक्त उजेडाच्या पट्ट्यात, म्हणजे तोंडाचा नैसर्गिक प्रकाश दिसत राहील तिथपर्यंतच नेतात. मार्गावर कायमची दोरी बांधलेली असते आणि गाइड ती सोडत नाही. गाइडकडे पूर्ण गुहा-डायव्हिंगचे प्रमाणपत्र असावे लागते आणि एका गाइडमागे चारपेक्षा अधिक डायव्हर असू नयेत, असा इथला दंडक आहे. हवेचा हिशेबही निराळा : एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली अडचणीसाठी राखून. जिथून पुढे उजेड संपतो तिथे मृत्यूचे चित्र असलेली पाटी लावलेली असते आणि इथून पुढे जाऊ नका, असे तिच्यावर स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. ती पाटी पाहताना मनात भीतीपेक्षा आदर दाटला. ती लावणाऱ्यांनी आपलेच सोबती गमावले आहेत.

पाय मारण्याची पद्धतही बदलावी लागते. समुद्रात चालणारी वरखाली लाथ इथे तळाचा गाळ उडवते आणि क्षणात समोरचे दिसेनासे होते. बेडकासारखे पाय बाजूला मारून, शरीर आडवे ठेवून, तळ आणि छत दोहोंपासून अंतर राखत जावे लागते. ज्याची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एकाच पातळीवर तरंगत राहण्याचा तोल, हातात नाही, त्याच्या टाकीचा एक धक्का दहा हजार वर्षांचा लोलक मोडू शकतो. यासाठी ओपन वॉटरचे, म्हणजे डायव्हिंगचे पहिले, प्रमाणपत्र कागदोपत्री पुरेसे असले, तरी समुद्रात किमान पंचवीस-तीस डायव्ह झाल्याशिवाय कोणी इथे उतरू नये, असे मी म्हणेन.

चाक मोल हे सेनोते एका वेगळ्या गोष्टीसाठी पाहावे. पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने वर राहते आणि जमिनीखालून आत शिरलेले समुद्राचे खारे पाणी खाली. साधारण दहा-बारा मीटरवर दोन्ही भेटतात. त्या सीमेत डोके घातले, की सारे दृश्य वितळू लागते. वैशाखात वर्धा रोडच्या डांबरावर हवा थरथरताना दिसते, तसा समोरचा डायव्हर थरथरू लागतो. दोन हात खाली गेले, की पुन्हा सगळे लख्ख, आणि पाणी किंचित उबदार. पुढच्याच्या फिनने दोन्ही पाणी ढवळले गेले तर मागच्याला काहीच दिसत नाही, त्यामुळे त्याच्या अगदी मागे न राहता थोडे बाजूने जावे, ही सूचना आमच्या गाइडने आधीच दिली होती आणि ती फार उपयोगी पडली. अँजेलिता या सेनोतेत तीस मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा दाट ढग पसरलेला असतो आणि त्यातून झाडांच्या वाळक्या फांद्या वर आलेल्या दिसतात. ती डायव्ह त्यापुढचे अॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि खोलीची सवय असणाऱ्यांसाठीच आहे.

या गुहा केवळ सुंदर आहेत असे नाही. साक आक्तूनच्याच जाळ्यातल्या होयो नेग्रो नावाच्या खोल खड्ड्यात २००७ मध्ये डायव्हरांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. तो १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि अमेरिका खंडातल्या सर्वांत जुन्या मानवी अवशेषांत त्याची गणना होते. तिच्या आसपास नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडेही होती. तिथे पर्यटकांना नेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अशा भूमीवरून आता ‘माया’ रेल्वे धावते. कानकुन ते तुलुमच्या टप्प्यात रुळांचा भार पेलण्यासाठी गुहांच्या छतांतून पोलादी खांब आत रोवले गेले आणि त्यावर मेक्सिकोतल्या वैज्ञानिकांनी व डायव्हरांनी जोरदार आक्षेप घेतला. रेल्वे लोकांना हवी असते, हे मी नाकारत नाही. पण हेच भूमीखालचे पाणी साऱ्या प्रदेशाचे पिण्याचे पाणी आहे. आपली नागनदी डोळ्यांदेखत गटार झाली, तरी आपल्याला वाचवता आली नाही. जमिनीखालची नदी तर कोणाला दिसतही नाही, आणि म्हणून तिची काळजी मला अधिक वाटते. सेनोतेत उतरण्याआधी अंगावरचे सनस्क्रीन धुऊन टाकायला लावतात. कोणी कंटाळा करू नये.

सेवेबद्दल. कोझुमेलच्या डायव्हिंगच्या दुकानांचा दर्जा एकंदरीत फार चांगला आहे : उपकरणे स्वच्छ, बोटीवर ऑक्सिजनची सोय आणि ब्रीफिंगमध्ये प्रवाह, खोली, वेळ, परतण्याची हवा हे सारे नीट सांगितले जाते. लहान बोटी, सहा-आठ डायव्हर घेणाऱ्या, थोड्या महाग असल्या तरी त्याच निवडाव्यात; मोठ्या बोटीवर सर्वांत नवख्या माणसाची हवा संपली, की सगळ्यांचीच डायव्ह संपते. प्लाया देल कार्मेनमधल्या एका दुकानात मात्र आम्हाला एका गाइडमागे सहा जणांना सेनोतेत नेण्याचे ठरवलेले दिसले. दंडक चारचा आहे हे सांगितल्यावर ‘काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. आगाऊ दिलेले पैसे सोडून आम्ही दुसरीकडे गेलो. ज्याच्या भरवशावर दगडाच्या छताखाली शिरायचे, त्याने पहिलाच नियम मोडावा आणि आपण मागे जावे, हे शक्य नव्हते. दर साधारणपणे सांगायचे तर कोझुमेलला दोन टाक्यांच्या, म्हणजे दोन डायव्हच्या, दिवसाला शंभर ते दीडशे डॉलर लागतात आणि सेनोतेचा दिवस त्याहून बराच महाग पडतो, कारण प्रवेशशुल्क, गाडी आणि मोजक्या माणसांमागे एक गाइड हे सारे त्यात येते. तो खर्च मला पूर्णपणे सार्थ वाटला.

हवामानाचा विचार करता डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा वादळाने कोझुमेलच्या उथळ प्रवाळांची मोठी हानी केली होती. हिवाळ्यातही अधूनमधून उत्तरेचे जोरदार वारे येतात आणि बंदर बंद होते. अशा दिवशी समुद्रावर विसंबलेला पर्यटक हॉटेलात बसतो. सेनोतेत मात्र लाट नाही, वारा नाही, त्यामुळे डायव्हिंग चालूच राहते. म्हणून बुकिंग करताना सेनोतेचे दिवस पक्के न करता समुद्र बिघडेल त्या दिवसांसाठी मोकळे ठेवावेत. उन्हाळ्यात किनाऱ्यावर सार्गासम या तपकिरी शेवाळाचे ढीग लागतात आणि त्याचा वास येतो.

तयारीचा भाग नागपुरातच करता येतो आणि करावा. थिअरी घरी बसून होते, सराव जलतरण तलावात. तलावाच्या तळापासून एक हात वर, हात न हलवता, केवळ श्वासावर दहा मिनिटे स्थिर राहता आले, तर गुहेसाठी लागणारी अर्धी कमाई झाली असे समजावे. निघण्यापूर्वी धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कानाचे पडदे आणि सायनस तपासून घ्यावेत. दमा, फिट येणे, हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय जाऊ नये. डायव्हिंगच्या अपघातांना सामान्य प्रवास विमा बहुतेक वेळा लागू होत नाही, तेव्हा वेगळा विमा काढावा. शाकाहारी मंडळींनी एवढे विचारून घ्यावे, की शिजवलेल्या राजम्यात डुकराची चरबी घातली आहे का. ती पुष्कळदा असते. मक्याच्या पोळ्या, एवोकॅडो आणि हाबानेरो मिरचीची चटणी यांवर दिवस निभावतो, आणि सावजी खाणाऱ्या जिभेला ती मिरचीही मानवते.

शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी, अनेक दिवस सलग डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. नागपूरपर्यंत लागोपाठ विमाने बदलायची असल्याने आम्ही पूर्ण एक दिवस राखून ठेवला होता. तो तुलुमला घालवावा. समुद्राच्या कड्यावर माया लोकांनी बांधलेले तटबंदीचे शहर तिथे आहे, सकाळी लवकर गेले तर गर्दी कमी असते, सावली मात्र फारशी नाही, त्यामुळे टोपी आणि पाणी सोबत न्यावे.